घरचं व्हिप्ड क्रीम चीज फ्रॉस्टिंग: साखर कमी केलीत, आता थंडावा सांभाळा

"डॉक्टर, केक घरीच केलाय, वरचं क्रीमसुद्धा विकतचं नाही. मग मुलांना द्यायला हरकत नाही ना?" सुट्टीच्या दिवसांत हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो. हरकत नाही, पण एका अटीवर. बहुतेकांना वाटतं ही अट साखरेची किंवा कॅलरींची असेल. ती आहे तापमानाची. व्हिप्ड क्रीम चीज फ्रॉस्टिंग केकवरच्या इतर सजावटीसारखंच दिसतं, पण जंतूंच्या दृष्टीने ते पातेल्यातल्या दुधाच्या जास्त जवळचं आहे. दूध आपण उन्हाळ्यात तीन-चार तास ओट्यावर ठेवत नाही. केक मात्र ठेवतो.

या लेखात कृतीही दिली आहे, कारण हा पदार्थ कसा बनतो हे कळलं की तो कुठे बिघडतो हेही आपोआप कळतं.

क्रीम चीज म्हणजे नेमकं काय?

दुधात साय मिसळून ते पाश्चराइज करतात, त्याला विरजण लावतात आणि घट्ट झालं की पाणी वेगळं काढतात. उरतो तो मऊ, किंचित आंबट गोळा म्हणजे क्रीम चीज. आपल्या चक्क्याचा हा जवळचा नातेवाईक. चक्का साध्या दह्याचा असल्यामुळे त्यात स्निग्धांश कमी आणि आंबटपणा जास्त. क्रीम चीजमध्ये याच्या उलट. अमेरिकेच्या अन्न मानकानुसार क्रीम चीजमध्ये दुधाचा स्निग्धांश किमान ३३ टक्के असावा लागतो आणि पाणी ५५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. गाजराच्या केकवर आणि रेड व्हेल्वेटवर हे फ्रॉस्टिंग लावायची पद्धतही आपल्याकडे तिथूनच आली.

त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. जुन्या प्रकारात क्रीम चीज, लोणी आणि भरपूर आयसिंग शुगर असते. साधारण २०० ग्रॅम क्रीम चीज, १०० ग्रॅम लोणी आणि ४०० ग्रॅम साखर असं प्रमाण धरलं आणि केकचे बारा तुकडे केले, तर फक्त वरच्या थरातून प्रत्येकाच्या पोटात ३३ ग्रॅम साखर जाते. म्हणजे सात ते आठ चहाचे चमचे, खालचा केक सोडून. दुसरा प्रकार व्हिप्ड. त्यात लोण्याऐवजी फेटलेलं क्रीम असतं आणि हवेमुळेच ते फुलतं, त्यामुळे साखर कमी लागते. २०० ग्रॅम क्रीम चीज, २०० मिली व्हिपिंग क्रीम आणि ६० ग्रॅम पिठीसाखर घेतली तर प्रत्येक तुकड्यामागे साखर येते ५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक चमचा. कॅलरी अडीचशेवरून सुमारे १३० वर येतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या आहारात वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत असावी, आणि २५ ग्रॅमच्या आत राहिली तर अधिक चांगलं. त्या हिशेबाने जुन्या प्रकाराचा एकच तुकडा २५ ग्रॅमची मर्यादा ओलांडतो. म्हणून व्हिप्ड प्रकार निवडलात तर तो निर्णय योग्यच आहे. फक्त त्याला 'डाएट' म्हणू नका. स्निग्धांश दोन्हींत जवळपास सारखाच आहे: तुकड्यामागे ११ ते १२ ग्रॅम, आणि त्यातला सात ग्रॅमच्या आसपास भाग संपृक्त चरबीचा. दिवसभराची मर्यादा २२ ग्रॅम धरली तर एका तुकड्यातच तिचा तिसरा हिस्सा संपतो.

साखर गेली, राखणदारही गेला

एकाच आंब्याचा मोरांबा वर्षभर कपाटात टिकतो आणि आमरस संध्याकाळपर्यंत आंबतो. फरक साखरेचा. भरपूर साखर पदार्थातलं पाणी स्वतःशी बांधून ठेवते, आणि जंतूंना वाढायला लागणारं मोकळं पाणी उरत नाही. ४०० ग्रॅम साखर घातलेल्या फ्रॉस्टिंगमध्ये ती नुसती गोडी आणत नव्हती, पहाराही देत होती.

आपण ती ६० ग्रॅमवर आणली आणि जोडीला २०० मिली क्रीम ओतलं. क्रीममध्ये निम्म्याहून जास्त पाणी असतं, शिवाय दुधातली प्रथिनं आणि दुधातली साखर. क्रीम चीजचा आंबटपणा जंतूंना थोडा आवर घालतो, पण क्रीम आंबट नसल्यामुळे मिश्रणात तो आवरही सैल पडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं: या पदार्थात आचेचा टप्पाच नाही. भाजीत काही पडलं तर उकळताना मरतं. इथे हातातून, भांड्यातून किंवा शिंकेतून जे आत गेलं ते आतच राहणार. ते वाढणार की नाही, हे फक्त थंडाव्यावर अवलंबून.

यातला नेहमीचा गुन्हेगार म्हणजे स्टॅफिलोकोकस ऑरियस. निरोगी माणसांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाच्या नाकात तो सुखाने राहतो. पिकलेली पुळी, नखुरडं, चिघळलेली जखम यांत तर तो भरपूर असतो. केक करणारी व्यक्ती नाक पुसते, बोटाने चव घेते, तेच बोट पुन्हा भांड्याला लागतं. थोडे जंतू गेल्याने काही होत नाही. पण उबदार खोलीत त्यांना काही तास मिळाले की ते वाढतात आणि एक विष तयार करतात. त्या विषाला वास नाही, चव नाही, आणि साध्या उकळण्याने ते नष्टही होत नाही. "वास घेऊन बघितला, चांगला होता" हे वाक्य मी खूपदा ऐकतो. या बाबतीत नाकाची साक्ष कामाची नाही.

हे शास्त्रही एका केकवरूनच कळलं आहे. १९३० साली शिकागो विद्यापीठात जी. एम. डॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नाताळातल्या एका क्रीम भरलेल्या स्पंज केकचा तपास केला. तो खाऊन माणसं आजारी पडली होती. केकमधला स्टॅफिलोकोकस त्यांनी प्रयोगशाळेत वाढवला, मग सगळे जंतू गाळून काढले आणि उरलेला द्रव स्वयंसेवकांना दिला. जंतू नसतानाही ते आजारी पडले. म्हणजे त्रास जंतूंचा नव्हता, त्यांनी आधीच करून ठेवलेल्या विषाचा होता. म्हणूनच चार तास बाहेर राहिलेला केक नंतर फ्रीजमध्ये ठेवून 'दुरुस्त' होत नाही.

क्रीम कोणतं घ्यायचं?

इथे बहुतेकांची फसगत होते. किराणा दुकानात 'फ्रेश क्रीम' म्हणून मिळणाऱ्या छोट्या खोक्यात बहुधा २५ टक्क्यांपर्यंत स्निग्धांश असतो. भाजीत घालायला ते उत्तम, पण कितीही फेटलं तरी उभं राहत नाही. फेटताना स्निग्धांशाचे बारीक कण हवेच्या बुडबुड्यांभोवती एकमेकांना चिकटून जाळं बनवतात. त्यासाठी किमान ३० टक्के, शक्यतो ३५ टक्के स्निग्धांश लागतो आणि क्रीम थंडगार असावं लागतं. खोक्यावर 'व्हिपिंग क्रीम' लिहिलेलं आणि टक्केवारी दिलेली बघून घ्या.

बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारी व्हिपिंग क्रीम बहुतेक वेळा नॉन-डेअरी असतात, म्हणजे त्यांत दुधाऐवजी वनस्पती चरबी असते. बरेचदा पाम कर्नल तेल, आणि साखर आधीच घातलेली. उन्हाळ्यात ती चांगली उभी राहतात, म्हणून व्यावसायिक ती वापरतात. ट्रान्स फॅटची भीती पूर्वीइतकी राहिलेली नाही. एफएसएसएआयने जानेवारी २०२२ पासून तेल-चरबीत त्याची मर्यादा २ टक्क्यांवर आणली आहे. पण संपृक्त चरबी त्यांत भरपूर असते, आणि आधीच गोड असलेल्या क्रीममध्ये आपण वरून पुन्हा साखर घालतो. वर्षातून एकदा खाल्लं तर काही बिघडत नाही. पण घरी एवढी खटपट करायचीच तर दुधाचं क्रीम घ्या, असं माझं मत.

घरच्या सायीबद्दल थोडं स्पष्ट सांगतो. आठवडाभर रोज थोडी थोडी साठवलेली साय तुपासाठी ठीक आहे, कारण तूप कढतं. फ्रॉस्टिंग कढत नाही. दहा वेळा उघडलेल्या, दहा चमचे बुडालेल्या डब्यातली साय केकवर लावू नका.

कृती

क्रीम आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये असू द्या, फ्रीजरमध्ये नको. गोठून सुटलेलं क्रीम फाटतं. स्टीलचं खोलगट भांडं आणि बीटरची पाती मात्र पंधरा मिनिटं फ्रीजरमध्ये ठेवा. हात साबणाने धुवा, नखांतून नीट. बोटाला जखम किंवा नखुरडं असेल, सर्दी किंवा जुलाब चालू असतील, तर त्या दिवशी हे काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी द्या.

२०० ग्रॅम क्रीम चीज पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. फार थंड असेल तर त्याच्या गुठळ्या राहतात. त्यात ६० ग्रॅम चाळलेली पिठीसाखर, चिमूटभर मीठ आणि अर्धा चमचा व्हॅनिला घालून मिनिट-दीड मिनिट फेटा. गुळगुळीत झालं की थांबा. जास्त फेटलं तर क्रीम चीज पातळ होतं. थंड भांड्यात २०० मिली क्रीम घेऊन आधी कमी, मग मध्यम वेगावर फेटा. पात्यांच्या रेषा उमटू लागतात, मग पातं वर उचलल्यावर मऊ टोक उभं राहतं आणि हळूच वाकतं. इथेच थांबायचं. पुढे गेलात तर क्रीम रवाळ होतं आणि लोणी सुटू लागतं. ताक घुसळताना ज्या क्षणाची आपण वाट बघतो तोच क्षण इथे टाळायचा असतो. सुटलंच तर ते लोणी पोळीला लावा, केकला नको.

फेटलेलं क्रीम तीन भागांत, उलथन्याने खालून वर हलक्या हाताने क्रीम चीजमध्ये मिसळा. स्वयंपाकघर गरम असेल तर भांड्याखाली बर्फाच्या पाण्याची परात ठेवा. तयार फ्रॉस्टिंग अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मगच वापरा. केक मात्र पूर्ण थंड झालेला हवा. कोमट केकवर लावलं तर ते वितळतं, शिवाय आतला थर बराच वेळ कोमट राहतो, म्हणजे जंतूंना हवा तसा. केक आदल्या दिवशी भाजून ठेवा आणि फ्रॉस्टिंग त्याच दिवशी करा, हे सगळ्यात सोपं.

क्रीम चीज महाग वाटत असेल तर घट्ट, ताजा चक्का चालतो. चव थोडी श्रीखंडाकडे झुकते, स्निग्धांश कमी होतो. पण दही फडक्यात बांधून रात्रभर नळाला टांगू नका. चाळणीत ठेवून, खाली भांडं घेऊन फ्रीजमध्ये निथळू द्या.

टेबलावर किती वेळ चालेल?

एकूण दोन तास. खोलीचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तास. आपल्याकडे मार्च ते जूनमध्ये ते असतंच, आणि पंख्याने माणसाला गार वाटतं, केकला नाही. 'एकूण' या शब्दाकडे लक्ष द्या. सजावट करताना गेलेला अर्धा तास, गाडीतला पाऊण तास आणि टेबलावरचा वेळ या सगळ्यांची बेरीज करायची.

वाढदिवसाला काय होतं हे आपल्याला माहीत आहे. पाचला केक सजवलेल्या टेबलावर येतो, सहाला पाहुणे येतात, मामा वाहतुकीत अडकलेला असतो, त्याच्यासाठी थांबायचं ठरतं, मग औक्षण, मग फोटो. केक कापायला साडेसात. यातलं काहीच बदलायची गरज नाही. फक्त औक्षण होईपर्यंत केक फ्रीजमध्ये राहू द्या. टेबलावर फुगे पुरेसे आहेत.

फ्रीज आत खरोखर ४ अंशांच्या आसपास आहे का, हे पन्नासपैकी एखाद्या घरातच तपासलेलं असेल. साधा फ्रीज थर्मामीटर फार महाग नसतो. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. घरून केकची ऑर्डर पुरवत असाल तर एफएसएसएआयची नोंदणी लागतेच, पण ग्राहकाच्या दृष्टीने त्याहून उपयोगी म्हणजे खोक्यावर लिहिलेल्या दोन ओळी: यात दुधाचं क्रीम आहे, आणि पोहोचताच फ्रीजमध्ये ठेवा. दुचाकीवरून केक पाठवताना बर्फाची पिशवी सोबत द्या.

मेणबत्त्यांवर फुंकर मारावी का, असंही विचारतात. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठाने २०१७ मध्ये हे मोजलं होतं. फुंकर मारल्यावर आयसिंगवरचे जंतू सरासरी १४०० टक्क्यांनी वाढले. आकडा भीतिदायक आहे, पण निरोगी मुलाच्या फुंकरीने पाहुणे आजारी पडण्याची शक्यता कमीच. मुलाला सर्दी-खोकला असेल तर मेणबत्ती वेगळ्या छोट्या कपकेकवर लावा. चमकी आणि सोनेरी पावडर यांच्याबाबत मात्र मी जास्त कडक आहे. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये एका वाढदिवसाच्या केकवरच्या गुलाबी-सोनेरी पावडरीतल्या तांब्यामुळे सहा मुलांना उलट्या झाल्या. 'विषारी नाही' म्हणजे 'खाण्यायोग्य' नव्हे. पाकिटावर घटकांची यादी नसेल तर ती पावडर केकवर टाकू नका.

उरलेला केक बंद डब्यात, फ्रीजमध्ये, तीन दिवसांपर्यंत चालेल. दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलेला टाकून द्या. जिवावर येतं, मला कळतं.

कोणी जास्त जपायचं?

गर्भवती स्त्रियांना पाश्चराइज्ड दुधाचं, पॅकबंद क्रीम चीज चालतं. काळजी कच्च्या दुधाच्या चीजची आणि बरेच दिवस उघडं राहिलेल्या पॅकची. लिस्टेरिया नावाचा जंतू फ्रीजच्या थंडीतही हळूहळू वाढतो, आणि गर्भारपणात त्याचा संसर्ग बाळापर्यंत पोहोचू शकतो. त्यामुळे नवीन पॅक, ताजं फ्रॉस्टिंग, आणि उरलेलं दुसऱ्या कुणाला तरी. नंतरच्या काही आठवड्यांत कारण कळत नसलेला ताप आला तर डॉक्टरांना या खाण्याबद्दलही सांगा.

बाळाचा पहिला वाढदिवस बऱ्याचदा तारखेच्या थोडा आधी, सुट्टी बघून करतात, आणि साखर नको म्हणून फ्रॉस्टिंगमध्ये मध घालतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. त्यातून क्वचित बॉट्युलिझमसारखा गंभीर आजार होऊ शकतो. दोन वर्षांपर्यंत साखरही टाळलेली बरी. बाळाच्या वाट्याला केळं कुस्करून घातलेला साधा चक्का द्या, त्याला फरक कळत नाही.

मधुमेह असेल तर फ्रॉस्टिंगमधल्या पाच ग्रॅम साखरेपेक्षा खालच्या मैद्याच्या आणि साखरेच्या केककडे बघा. छोटा तुकडा, जेवणाचा भाग म्हणून. स्निग्धांशामुळे रक्तातली साखर उशिरा चढते, त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्यांनी दोन तासांची एकच तपासणी पुरेशी समजू नये.

दूध पचत नाही अशा मोठ्या माणसांना या फ्रॉस्टिंगचा एक तुकडा बहुधा चालतो. त्यात लॅक्टोज साधारण ग्रॅमभरच येतं. दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी गोष्ट आहे. अशा मुलाला चमचाभरही नाही.

उलट्या सुरू झाल्या तर

केक खाल्ल्यावर एक ते सहा तासांत अचानक मळमळ, उलट्या, पोटात कळा, कधी जुलाब, आणि ताप नसणं किंवा अगदी कमी असणं, हे चित्र स्टॅफिलोकोकसच्या विषाचं असतं. एकाच समारंभातल्या दोन-तीन मुलांना झालं तर शंका घ्यायला जागाच उरत नाही. घरात तेव्हा "नजर लागली" असं निदान होतं आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या जातात. ओवाळा, पण ओआरएस आधी सुरू करा. पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या उकळून गार केलेल्या पाण्यात, बहुधा एक लिटरमध्ये, पाकीट एकदम विरघळवा. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबा आणि मग दर दोन-तीन मिनिटांनी चमचा-चमचा पाजा. एकदम पेलाभर दिलं तर पुन्हा उलटी होते. आधीच्या आजारातलं उरलेलं अँटिबायोटिक देऊ नका. विषावर त्याचा उपयोग होत नाही. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका. बहुतेक जण एका दिवसात सावरतात.

पाणीही पोटात ठरत नसेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, मूल गळून गेलं असेल किंवा झोपेतून नीट उठत नसेल, उलटीत किंवा शौचात रक्त दिसलं, किंवा जास्त ताप आला, तर घरी थांबू नका. वर्षाच्या आतलं बाळ, गर्भवती आणि सत्तरीपुढच्या व्यक्ती यांच्या बाबतीत या लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. जाताना काय खाल्लं, किती वाजता खाल्लं आणि आणखी कोणाला त्रास झाला, हे कागदावर लिहून न्या. केकचा उरलेला तुकडा फेकण्याआधी झाकून फ्रीजमध्ये वेगळा ठेवा. बरेच जण आजारी असतील तर तपासणीसाठी तो लागू शकतो.